32 राउंडचा माणूस

आमच्या बॉक्सिंगच्या हॉलला दिवाळीनंतर रंग लागला आणि रिंगच्या मागच्या भिंतीवर सहा फ्रेमची जागा निघाली. पाच नावांवर वाद झालाच नाही: अली, फ्रेझर, मेरी कोम, विजेंदर, लवलीना. सहावी फ्रेम तीन आठवडे अडली. आमच्या सर्वांत उंच पोराला तिथं रिडिक बो हवा होता, अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर. हा पंचवटीतला, सहा फूट दोन इंच, हात एवढे लांब की बँडेज बांधताना नाना दर वेळी कुरकुरतात. मोबाईलवर बोच्या लढती बघून बघून त्याला त्या पाठ झाल्यात.

नानांनी एका वाक्यात निकाल लावला होता. "पट्टा कचरापेटीत टाकणाऱ्याला भिंत नाही."

नाना सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले, घर पैलवानांचं. त्यांच्यासाठी पट्टा म्हणजे गदा. गदा कुणी उकिरड्यावर टाकतं का? बोनं टाकली. चॅम्पियन होलीफिल्डला हरवून बो हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि पट्टा देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संघटनेनं सांगितलं, आता लेनॉक्स लुईसशी खेळ. डिसेंबर 1992मध्ये लंडनला, कॅमेऱ्यांसमोर, त्यानं तो पट्टा पेटीत सोडला. आणि हा लुईस कोण? 1988च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलला दुसऱ्याच राउंडमध्ये ज्याच्यामुळं पंचांना बोची लढत थांबवावी लागली, तोच. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत.

माझा विरोध वेगळ्या कारणानं होता. मला त्याची वजनं माहीत होती.

मग तो सोमवार आला. जिल्हा निवड चाचणी, सकाळी सातला वजनं. पोरगा काट्यावर चढला आणि आकडा बघून आम्ही तिघंही गप्प. गटाच्या वर 700 ग्रॅम. एन्ट्री एका गटात दिली की दिली, ऐनवेळी वर सरकता येत नाही. काटा बंद व्हायला दीड तास.

"काल काय खाल्लं?"

"काही नाही सर."

"खरं सांग."

"मिसळ."

नाशिकमध्ये रविवारी पोरं मिसळ खातात यात नवल नाही. पण ह्यानं मळ्यातल्या मिसळीवर जाऊन दोन प्लेट, वर पापड, वर जिलबी, आणि रस्सा मागून मागून घेतला होता. तिखट रस्सा प्यायला की माणूस पाणी किती पितो, हे मला त्याला शिकवायचं राहून गेलं होतं.

प्लास्टिकचा जर्किन चढवला, दोरी हातात दिली, मैदानाला फेऱ्या सुरू. वजन असं उतरवणं वाईट, हे मला कळतं. तरी उतरवलं. दर दहा मिनिटांनी मी त्याचा चेहरा बघत होतो. नाना घड्याळ घेऊन बाजूला, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू: "बघा, हाच तो तुमचा बो."

तिथं उभ्या उभ्या मी नानांना आकडे सांगितले. व्यावसायिक हेवीवेटला वर मर्यादाच नसते. काटा कुणालाही बाहेर काढत नाही. म्हणूनच हेवीवेटच्या काट्यावरचा आकडा मला जास्त खरा वाटतो, कारण तो आकडा ज्याच्या त्याच्या मर्जीचा असतो. 13 नोव्हेंबर 1992ला, होलीफिल्डला हरवलं त्या लढतीला, बो 235 पौंडांचा होता, म्हणजे एकशे साडेसहा किलो. होलीफिल्ड 205. एका वर्षानं परतीच्या लढतीला बो 246. पाच किलो त्यानं खुशीत अंगावर घेतले. मधल्या काळात तो फक्त डोक्स आणि फर्ग्युसनशी खेळला, दोघं मिळून तीन राउंडसुद्धा टिकले नाहीत. परतीची लढत दोन पंचांनी होलीफिल्डला दिली, एकानं बरोबरीत ठेवली. सातव्या राउंडला पॅराशूटवाला एक येडा आकाशातून थेट रिंगच्या दोरांवर पडला आणि खेळ वीसेक मिनिटं थांबला. बोचे चाहते अजून त्याच्यावर खापर फोडतात. फोडोत. ते पाच किलो काही पॅराशूटनं उतरले नव्हते. पट्टे राहिले किती दिवस? वर्षाला सात दिवस कमी.

1996ला पोलंडच्या गोलोटासमोर पहिल्या लढतीत तर 252. दोन लढती, दोन्हींत गोलोटा गुणांत पुढे, दोन्हींत कमरेखाली मारून बाद. कागदावर दोन्ही बोच्या नावे लागल्या. दुसऱ्या लढतीनंतर बोची जीभ जड झालेली ऐकवत नाही. मी पोरांना ती मुलाखत मुद्दाम दाखवतो, हेडगार्डचा कंटाळा करणाऱ्यांना तर दोनदा. सगळा हिशेब 43 विजय, एक हार. एवढा देखणा आणि एवढा फसवा हिशेब माझ्या माहितीत दुसरा नाही.

"मग झालं तर," नाना म्हणाले.

पोरगा शंभर ग्रॅम खाली आला. पाणी, केळं, तासभर आडवं. दुपारी लढत.

पहिला राउंड मी विसरणार नाही. उंच पोरं लांबून जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारतात आणि जवळ गेलं की मिठी मारतात. हा जवळ गेला आणि तिथं राहिला. कपाळ समोरच्याच्या खांद्याला टेकवून, कोपर आत, वीतभर जागेतून अपरकट, खालून वर येणारा ठोसा. मी हे त्याला शिकवलेलं नव्हतं. हे बोचं आहे. साडेसहा फुटाच्या आसपासचा माणूस एवढ्या चिंचोळ्या जागेत एवढं बारीक काम करतो, हे त्याच्या आधी मी तरी पाहिलं नव्हतं. ते त्याच्या अंगात मुरवलं एडी फचनं, फ्रेझरच्या वस्तादानं. असं सांगतात की फचला आधी हा पोरगा नकोच होता, आळशी म्हणून ऐकलेलं. त्यानं बोला पहाटे डोंगरात पळायला सांगितलं आणि स्वतः लपून बसला. बो आला. एकटा, अंधारात, पळत. एवढ्यावर म्हाताऱ्यानं होकार दिला.

दुसऱ्या राउंडला पोराचे पाय जड झाले, तिसऱ्याला हात खाली. निकाल विरुद्ध गेला आणि बरोबर गेला. पण पहिल्या राउंडनंतर समोरच्या कॉर्नरमधल्या कोचनं आपल्या पोराला पाणी पाजता पाजता मान वळवून आमच्याकडं बघितलं होतं, ते मी पाहिलं.

रात्री हॉलवर एकटा बसून 1992ची ती लढत परत लावली. दहावा राउंड. सुरुवातीलाच बोचा अपरकट, होलीफिल्ड भेलकांडतो, मिनिटभर नुसता मार. हा आता पडणार, असं वाटत असताना तोच उलटा फिरतो आणि राउंड संपताना बोला मारत असतो. पुढच्या राउंडला होलीफिल्ड खाली गेला, उठला, शेवटापर्यंत उभा राहिला. 1995च्या तिसऱ्या लढतीत सहाव्याला बो स्वतः पडला, त्याआधी कधीच पडला नव्हता. उठून आठव्यात त्यानं लढत संपवली. बारा, बारा, आठ. एकाच माणसाबरोबरचे 32 राउंड. बाकी सगळं वगळलं तरी चालेल. लुईस, टायसन, फोरमन यांच्याशी खेळला असता तर काय झालं असतं, हे मला मोजायचं नाही. खेळला नाही, ते त्याच्या खात्यावर. पण ते 32 राउंडही कुणाच्या जर-तरचे नाहीत.

सकाळी नानांना म्हटलं, दोघांचा एकत्र फोटो लावू, दहाव्या राउंडचा. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "होलीफिल्डसाठी हो म्हणतोय, लक्षात ठेवा."

शालिमारच्या फ्लेक्सवाल्याकडं पोराला घेऊन गेलो. त्याच्या स्क्रीनवर वाढदिवसाचा एक बॅनर अर्धवट होता, त्यातच त्यानं आमचा फोटो टाकला.

"दोघांतला भाऊ कोणता?"

पोरानं बोट ठेवलं.

"नाव सांगा. नावाआधी काय टाकू, माजी की भावी?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

"नुसतं नाव टाक. दोघांचं. खाली 13 नोव्हेंबर 1992."

"वाढदिवस का?"

"तसंच धर."

त्यानं तारखेच्या दोन्ही बाजूंना फुगे टाकले. ते काढायला लावले.