पेट्रोसियनची पंचविसावी चाल

बुद्धिबळाच्या मध्यडावातल्या बचावाचा अभ्यास करायचा झाला की मी १९५३ सालच्या झुरिच कँडिडेट्स स्पर्धेतला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेतला, अमेरिकेचा रेशेव्हस्की विरुद्ध सोव्हिएत संघाचा पेट्रोसियन हा डाव पटावर मांडतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या रेशेव्हस्कीची प्यादी डी-४ आणि ई-५ या घरांत शेजारीशेजारी उभी आहेत, ई-पट्टीत (ई अक्षराच्या उभ्या रांगेत) त्यांच्या पाठीशी दोन्ही हत्ती आहेत, आणि जी-४ वरचा उंट एफ-३ वर आला की डी-प्यादे पुढे सरकून काळ्याचा डाव खिळखिळा करणार, हे स्पष्ट दिसते. अशा वेळी आपण बहुतेक जण धमकी थोपवण्यासाठी एखादे मोहरे मागे घेतो. चोवीस वर्षांच्या पेट्रोसियनने मात्र आपल्या सी-६ वरच्या घोड्याचा विचार केला. तो डी-५ वर पोहोचला तर पांढरी प्यादी जागीच अडतील आणि त्याला तिथून हुसकावणारे एकही प्यादे पांढऱ्याकडे उरलेले नाही. अडचण एवढीच, की त्याची वाट ई-७ वरून जाते आणि ते घर काळ्याच्याच हत्तीने व्यापलेले आहे.

म्हणून त्याने पंचविसाव्या चालीला तो हत्ती ई-६ वर, थेट उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला!

पुढच्या चालीला घोडा ई-७ वर आला, रेशेव्हस्कीने उंटाने हत्ती मारला आणि काळ्याने एफ-प्याद्याने तो उंट घेतला. उंटाच्या बदल्यात त्याहून मोलाचा हत्ती गेला, पण ई-६ वर आलेल्या त्या प्याद्याने पांढऱ्याचे ई-प्यादे कायमचे रोखले आणि डी-५ वरच्या घोड्याला भक्कम आधार दिला. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते पांढऱ्याच्या मोहऱ्यांचे झालेले हाल: हत्तींना ई-पट्टीत आपलेच प्यादे आडवे येते, आणि बी-२ वरचा उंट सी-३, डी-४, ई-५ या स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. मोहऱ्यांची किंमत मोजून हा बळी कधीच सुचणार नाही. कोणते मोहरे खरोखर काम करते आहे, हे पाहावे लागते.

काळ्याचा उरलेला एकमेव उंट डी-३ वर येऊन बसल्यावर रेशेव्हस्कीला तिसाव्या चालीला आपला हत्ती देऊनच तो काढावा लागला. हातात एक प्यादे जास्त राहूनही त्याला पुढे काही साधता आले नाही, आणि ४१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.