फिक्सीवरून तुळजापूर: चढताना एक बाजू, उतरताना दुसरी

सोलापूर ते तुळजापूर अंतर साधारण ४५ किलोमीटर. घाट सोडला तर सगळा माळ, मधेमधे हलके चढउतार. त्यामुळे या रस्त्यावर कुठली सायकल न्यावी हा प्रश्न खरं तर शेवटच्या घाटापुरताच आहे. आम्ही तिघं तीन तऱ्हेच्या सायकलींवर गेलो. माझी फिक्सी, मित्राची गिअरची आणि त्याच्या मामांची काळी सायकल. मामा रोज तिच्यावरूनच टॉवेलच्या कारखान्यात जातात. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारा हा माणूस, सायकल म्हणजे त्यांच्या हिशेबी चैनच.

फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल. तिला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र, नसतं. मागचं दातेरी चक्र थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आवळलेलं असतं आणि ते सुटू नये म्हणून बाहेरून उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे आवळून धरणारी कडी. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. जुन्या तुळजापूर नाक्यावर मामांनी मागचं चाक उचलून पायडल फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे पायाला सुट्टीच न्हाई का?" नाहीच. पण मामांची काळी सायकल म्हणजे अस्सल सिंगल स्पीड, एकच गिअर पण फ्रीव्हीलसकट, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिला पुढे ४४ दाते, मागे १८. माझ्या सायकलला ४६ आणि १७. पायडलच्या एका फेऱ्यात माझी सायकल ५.८ मीटर जाते, मामांची ५.४ च्या आसपास. सिंगल स्पीड म्हणून शहरात जे मोठ्या किमतीला विकतात ते सोलापूरच्या कामगारांनी आयुष्यभर चालवलंय, फक्त वीसेक किलो वजनासकट.

अंधार असतानाच निघा, पण मागचा लाल दिवा चांगला हवा. हिवाळ्यात साखर कारखाने सुरू असतात आणि उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यातल्या कित्येकांना मागे दिवा सोडा, साधा रेडियमचा तुकडाही नसतो. हिप्परग्याचा तलाव लागेपर्यंत उजाडलं तर उत्तम. रस्ता चौपदरी आहे, कडेची पट्टी रुंद आहे, पण अगदी कडेने जाऊ नका. तिथे बाभळीचे काटे असतात. मित्राला उळ्याच्या पुढे काटा लागलाच. त्याचं चाक खटक्याने निघतं, दहा मिनिटांत काम झालं. फिक्सीचं मागचं चाक नटांवर बसतं, म्हणून १५ नंबरचा पाना खिशात नसेल तर पंक्चर काढायचं सगळं सामान जवळ असून उपयोग नाही. मामांच्या सायकलचं चाक काढावंच लागत नाही. टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचं.

तामलवाडीच्या आसपास जिल्हा बदलतो आणि टोलनाका येतो. तिथपर्यंत तिघं बरोबर होतो. सपाटीवर फिक्सीची मजा वेगळीच: चाकच पायाला पुढे नेतं, लय लागली की सायकल आणि आपण असे दोघं उरत नाही. मात्र बूड उचलून पाय स्थिर ठेवायची सोय नाही. गतिरोधकावर आणि खड्ड्यावर पाय फिरतच राहतात, वळणावर आतलं पायडल रस्त्याला घासू शकतं. तासाभरानंतर बसण्याच्या हाडांना हे चांगलं कळतं.

घाटात खरा फरक दिसला. मित्राने पुढे ३४, मागे ३२ दाते लावले. ताशी १० किलोमीटर वेगाला त्याचे पाय मिनिटाला ७३ वेळा फिरत होते, माझे २९ वेळा. म्हणजे मी प्रत्येक पायडल उभं राहून, हँडल ओढून ढकलत होतो. "गिअर घे की बे, कशाला जीव काढून घेलालास?" असं म्हणत तो शेजारून निघून गेला. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर लागत नाही, फिक्सीवर तो मृत बिंदू चाकाच्या जोरावर निघून जातो, म्हणून त्याच गिअरच्या सिंगल स्पीडपेक्षा चढ किंचित सोपा वाटतो. गुडघ्यांना मात्र काहीच सूट मिळत नाही. मामा सरळ खाली उतरले आणि सायकल हातात धरून चढले. वर पोचले तेव्हा माझ्यापेक्षा ताजेतवाने होते. गुडघा कुरकुरत असेल तर मामांचीच पद्धत धरा.

उताराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण धोका तिथे आहे. माझ्या गिअरला ताशी ४० चा वेग म्हणजे मिनिटाला ११५ फेरे, ५० चा म्हणजे १४४. त्या गतीत पाय पायडलच्या पट्ट्यातून सुटला तर फिरतं पायडल पोटरीवर बसतं आणि परत पाय ठेवता येत नाही. म्हणून मी घाटमाथ्यावर मागचं चाक काढून उलटं बसवलं. माझ्या हबला एका बाजूला फिक्स १७, दुसऱ्या बाजूला १८ चं फ्रीव्हील आहे. एका दात्याच्या फरकाने आस जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो, चेन तीच चालते. फक्त फ्रीव्हील आलं की पायडल रोखून वेग कमी करायचा पायांचा ब्रेक गेला, त्यामुळे पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक हवेतच. फिक्सीवर एकही ब्रेक न लावता फिरणारी मुलं सोलापुरात दिसतात. ते वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक, सात रस्त्यावर नाही.

पायडल रोखून मागचं चाक घासत थांबायची हौस असेल तर दात्यांचा हिशेब करा. ४८ आणि १६ ला टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि लवकर फाटतो. ४६ आणि १७ ला ती झीज १७ जागी वाटली जाते. आणि फिक्सीची चेन पुसताना चाक फिरवत बोटं तिच्याजवळ नेऊ नका. चेन बोटासाठी थांबत नाही. बुटाची नाडी, सैल पँट यांनाही हाच नियम.

रस्त्याची चव घ्यायची तर फिक्सी न्या, पण दोन बाजूंचा हब असलेलीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने गिअरची न्यावी. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण परतताना नैऋत्येचा वारा तोंडावर असतो आणि एकाच गिअरवर तो घाटाइतकाच जड जातो. उन्हाळ्यात दहाच्या आत सोलापूर गाठता येईल असं निघा, नाहीतर जाऊच नका.

भवानीचं देऊळ पायऱ्या उतरून खाली आहे, कल्लोळ आणि गोमुख तीर्थाच्या पुढे. त्या पायऱ्या परत चढायच्या असतात, तेवढी ताकद राखून ठेवा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं आणि कोजागरीला चालणारी माणसं याच रस्त्याने असतात. त्या दिवसांत सायकल घरी ठेवून मामांबरोबर चालत जा.