कुळागरातला पंप आणि सिग्नलची गर्दी

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात वाळपईच्या बाजूला. पंप खाली व्हाळाजवळ, टाकी वर घरामागे, मध्ये दाट पोफळी. टाकी भरली की पंप बंद करायला ४३३ मेगाहर्ट्झची स्वस्त रिमोट-जोडी होती. शेजारी होमस्टे झाला, त्यांचं रिमोटचं गेट आलं, बिनतारी बेल आली, आणि आमचा निरोप वाटेतच हरवू लागला. टाकी रात्रभर वाहायची. दुकानदार म्हणाला, "पावर वाढवा." पण सगळेच आवाज चढवू लागले तर ऐकू कोणाला येणार?

मग लोराची मॉड्यूलं आणली, ८६५ मेगाहर्ट्झवाली. लोरा म्हणजे थोड्या पावरवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवायची बिनतारी पद्धत. हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. लोरात सिग्नल एका जागी थांबत नाही, १२५ किलोहर्ट्झच्या रुंदीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला घसरत जातो. रिसीव्हर उलट्या घसरणीने त्याला गुणतो. आपला सिग्नल एका बिंदूवर गोळा होतो, मधली अरुंद लुडबुड मात्र पसरून फिकी पडते. सिग्नल असा रुंद पसरवण्याच्या तंत्राला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात.

पट्टा बदलल्यानेच निम्मं काम झालं असणार, ही शंका होतीच. म्हणून जास्तीच्या एका मॉड्यूलमधून त्याच चॅनेलच्या मधोमध मुद्दाम अखंड लहर सोडली. लॅपटॉपला एसडीआर डोंगल, म्हणजे हवेतले सिग्नल पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर, लावला. वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी आडवी आणि वेळ उभी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, लुडबुडीची उभी जाड रेघ, आणि तिला कापत जाणाऱ्या लोराच्या तिरक्या रेघा. निरोप पोचत होते! तेच मॉड्यूल रिसीव्हरला अगदी खेटून ठेवलं तेव्हा मात्र सगळं बंद.

फ्रिक्वेन्सी बदलत राहून लुडबुड चुकवण्याचा मार्ग वेगळा. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या टॉर्पेडोच्या पेटंटात तोच होता, पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ फ्रिक्वेन्सींचा. ब्लूटूथही उड्याच मारतं, सेकंदाला १६०० पर्यंत.

खरा वेळ गेला तो लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे एकेक घसरण किती सावकाश करायची तो आकडा, ठरवण्यात. ७ वर निरोप चुटकीसरशी जातो, पण पावसात पोफळी भिजल्या की निरोपांची गळती सुरू. १२ वर सिग्नल गोंगाटाच्या शंभरपट खाली असला तरी वाचता येतो, पण छोट्या निरोपालाही सेकंदभर लागतो, कारण दर पायरीला वेळ जवळजवळ दुप्पट होतो. टाकीला घाई नसते, तरी हवा इतका वेळ अडवून ठेवणं शेजारधर्माला धरून नाही. १० वर थांबलो.

एक गोष्ट मात्र स्प्रेड स्पेक्ट्रमवर सोडली नाही. ठरलेल्या वेळेत टाकीचा निरोप आला नाही, तर पंप आपणहून बंद पडतो.