वाडीच्या रस्त्याचं बिल आणि फूटपट्टी

कोकणातल्या वाडीचा काँक्रीट रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, की खापर पावसावर फुटतं. पाऊस बिचारा दरवर्षीच पडतो.

खरा घोळ जाडीत असतो. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात 10 सेंटीमीटर टाकलं तर 30 घनमीटरच. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण 8 गोणी सिमेंट धरा. मग न टाकलेल्या 15 घनमीटरच्या 120 गोणी गेल्या कुठे? कडेला फूटपट्टी लावा, पण मधोमधही बघा. कडेला साच्याच्या फळीच्या उंचीएवढा माल दिसतो, आत जांभ्याचा उंचवटा तसाच ठेवलेला असतो.

दुसरी गोम गटाराची. अंदाजपत्रकात गटार असतं, जागेवर नसतं. डोंगरउताराचं पाणी रस्त्याच्या कडेखालची माती पोखरतं आणि स्लॅब अधांतरी राहतो. त्यात काम मार्चअखेर उरकलेलं, वाडीत प्यायला पाणी नाही, मग क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, कुठलं?

माहिती अधिकारात ‘रस्त्याची सर्व माहिती’ असं मोघम मागू नका. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात ती) त्या कामाची पानं आणि अंतिम देयक, एवढंच मागा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. मुदत 30 दिवसांची. 2005 च्या या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फारसा कुणी वापरत नाही.

पुस्तिकेत सगळीकडे नेमकी 0.15 मीटर हीच जाडी दिसली, तर मोजमाप बहुधा टेबलावरच झालंय.