थडग्याची माती आणि तिचे मोल: साधनेची नोंद

मागील नोंदीत पूर्वजांसाठी केलेल्या मांडणीचे वर्णन होते. यावेळी मातीचे काम पुढे सरकले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजाच्या हुडू या लोकविद्येच्या परंपरेत मृतांचे बळ कामाला लावण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे थडग्यावरची माती, आणि ती कधीही फुकट उचलायची नाही, असा दंडक आहे. लोकपरंपरांचे अभ्यासक हॅरी मिडलटन हायट यांनी प्रामुख्याने १९३६ ते १९४० या काळात तेथील साधकांच्या घेतलेल्या मुलाखती पुढे १९७० ते १९७८ दरम्यान पाच खंडांत छापल्या गेल्या, आणि त्यांत हाच व्यवहार वारंवार भेटतो: नाणे ठेवावे, थोडी व्हिस्की ओतावी, आणि काम कोणते ते मृताला स्पष्ट शब्दांत सांगावे.

हल्ली आपल्या साधकांपैकी अनेकजण ‘ऊर्जा खेचली’, ‘ऊर्जा भरली’ असे लिहितात. मला ही भाषा मान्य नाही. मृत व्यक्ती म्हणजे विजेचा खांब नव्हे, की आकडा टाकला आणि प्रवाह मिळाला. तिला नाव आहे, स्वभाव आहे, आणि नकार देण्याचा अधिकारही आहे. बळ साठते ते देणेघेणे चोख ठेवल्याने, असे माझे ठाम मत झाले आहे.

माती कोणाची घ्यावी, हा आपल्यासाठी खरोखर कठीण प्रश्न आहे. संरक्षणासाठी सैनिकाची माती घेण्याची रीत आहे, तरी ज्याने आपल्यावर जिवंतपणी माया केली त्याची माती सर्वांत भरवशाची मानली जाते; पण माझ्या घरात दहनाची प्रथा असल्याने आजी-आजोबांचे थडगेच नाही. मला ही विद्या शिकवणाऱ्या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील वृद्ध बाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीची परवानगी घेऊन मी त्यांच्याच थडग्याशी गेलो. परवानगीवाचून कोणत्याही थडग्याला हात लावू नये, कारण तो मृताचा आणि त्याच्या कुटुंबाचा अपमान आहे आणि अनेक ठिकाणी कायद्याने गुन्हाही ठरतो.

फाटकाशी थांबून आत येण्याची अनुमती मागितली, थडग्यावरचे तण काढले, बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हटले आणि मग विनंती मांडली: रात्रपाळीहून घरी परतताना वाटेत सांभाळ व्हावा. हृदयाच्या जागेवरची, बोटांच्या चिमटीत मावेल एवढीच माती घेतली आणि त्याच खळग्यात पंखांच्या शिरोभूषणाचा मुखवटा असलेले जुने दहा सेंटचे नाणे पुरले. १९१६ ते १९४५ या काळातील या नाण्यांत नव्वद टक्के चांदी असते, म्हणून त्यांना विशेष मान आहे. ती माती सावलीत वाळवली, काडीकचरा निवडून काढला, आणि लाल फ्लॅनेलच्या पुरचुंडीत बांधली. पुरचुंडी अंगाशी, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशी ठेवतो आणि दर शुक्रवारी तिला व्हिस्कीचा थेंब ‘भरवतो’.

अनुभव असा, की पूर्वजांच्या मांडणीवर ठेवलेले पाणी वेळेवर बदलले आणि बाईंशी चार शब्द बोललो, तर पुरचुंडी हाती घेताच ऊब आणि धीर जाणवतो; खाडा पडल्यावर तीच पुरचुंडी नुसती चिंधी वाटते. पाण्यातल्या बुडबुड्यांना अनेकजण खूण समजतात, पण पाणी कोमट झाले तरी बुडबुडे येतातच, म्हणून मी त्यांची नोंद ठेवत नाही. स्वप्नांची मात्र ठेवतो, कारण त्यांत बाई जे सांगतात ते बहुधा एखादे राहून गेलेले काम असते.

आता घराच्या उंबरठ्यासाठी तेच संरक्षण मागायचे आहे. त्यासाठी जुनीच माती वाटून वापरणार नाही. काम नवे असल्याने पुन्हा परवानगी, पुन्हा विनंती आणि पुन्हा मोल. चांदीचे नाणे न मिळाल्यास चलनातले साधे दहा सेंटचे नाणे चालते, असे बाई स्वतः सांगत असत.