तुम्ही विचारलंत म्हणून: देवाची योजना की योगायोग?

‘सर, आठवडाभर उत्क्रांती शिकवता आणि रविवारी मिस्सेला जाता. नक्की मानता काय?’ स्टाफरूममध्येही हेच, वसईतल्या आमच्या आळीतही हेच. तिकडे मी अर्धवट विज्ञानवाला, इकडे अर्धवट ख्रिस्ती.

माझं ठरलेलं उत्तर असायचं. उत्क्रांती हे आता निव्वळ गृहीतक नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल 1996 सालीच म्हणाले. ईश्वरी योजनेत योगायोगालाही जागा आहे, हे तर संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात लिहून गेले. चहा संपेपर्यंत एवढं पुरतं.

पंचविशीत मात्र मी उलटं बोलायचो. जिवाणूंमधली उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, गरज ओळखून येत नाहीत, हे लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 साली दाखवलं. त्यावरून मी थेट देवालाच सुट्टी देऊन टाकली. अरे बाबा, गरज पाहून येत नाही एवढंच त्यातून कळतं. मागे कुणी आहे की नाही, ते पेट्री डिशमध्ये कुठून दिसणार? (हा बचाव जरा जास्तच सोयीचा आहे, ते मलाही कळतं.)

खरं उत्तर माझ्या धाकट्या भावाजवळ येऊन अडतं. त्याला डाउन सिंड्रोम होता, हृदयाला जन्मतःच भोक. सत्ताविसाव्या वर्षी गेला. मातीला आलेला जो तो आईच्या हाताला धरून म्हणत होता, ‘देवाची योजना, बाय.’ तिसऱ्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, लाइटबिलाच्या पाठीमागे पेनाने गुणसूत्रांच्या काड्या काढल्या. ‘ही जोडी सुटायला हवी होती, सुटली नाही. म्हणून 46च्या जागी 47. अपघात गं. कुणी काही ठरवलेलं नव्हतं.’

आई काड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्या पापामुळे नाही?’

सत्तावीस वर्षं ती हे मनात घेऊन मिस्सेला जात होती! आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, ‘नाही गं, अजिबात नाही.’ तिचा चेहरा सैल झाला. चहाचं आधण ठेवायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, ‘पण मग तो मला दिला कुणी?’

त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. ती जास्तीची काडी 1959 साली जगापुढे मांडणाऱ्यांत जेरोम लेज्युन होते, पक्के कॅथलिक. त्यांना यात विसंगती वाटली नाही. मला वाटते, आणि तरी मी मिस्सेला जातो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहातला बुरूज पडून 18 जण मेले. येशू म्हणतो, ते इतरांहून जास्त दोषी नव्हते. मग बुरूज का पडला? ते तो सांगत नाही. मला तो तिथे जवळचा वाटतो. पुष्कळदा रागही येतो.

त्या दिवशी आईने आणखी एक विचारलं होतं. ‘ती जास्तीची काडी कुणाकडून आली?’ मी म्हटलं, ‘कुणाकडूनही येते.’ खोटं नाही ते. पण बहुतेक वेळा ती आईच्या बीजांडातून येते आणि वय वाढेल तशी शक्यता वाढते. भाऊ झाला तेव्हा आई 41 वर्षांची होती. आता 83.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. तिच्या कानावर घालू नका.