दक्षिण आफ्रिकेच्या फळबागा पाहायच्या तर आधी महिना ठरवा

दक्षिण आफ्रिकेत एका फेरीत सगळी फळं पाहून होत नाहीत. त्यामुळे तिकीट काढण्याआधी पीक ठरवा. द्राक्षाचा तोडा (काढणी) उत्तरेत लिम्पोपोकडे आणि ऑरेंज नदीकाठी नोव्हेंबरात सुरू होतो आणि जानेवारीत आटोपत येतो. त्यानंतर बर्ग नदीचं खोरं आणि शेवटी हेक्स नदीचं खोरं, तेही एप्रिलपर्यंत. लिंबूवर्गीय फळांचा हंगाम तिथल्या हिवाळ्यात असतो. वरुड-मोर्शीच्या बागायतदारांनी जून-जुलैत जावं, नाशिक-सांगलीकरांनी फेब्रुवारीत. नेमका तेव्हाच आपला तोडा चालू असतो, त्याला इलाज नाही. बाग घरच्या कोणावर सोपवूनच निघावं लागतं.

फेब्रुवारीतला हा आठ दिवसांचा मार्ग केप टाऊनहून सुरू झाला. एन-२ ने सर लोरीज घाट चढून ग्राबाऊ, तिथून थीवॉटर्सक्लूफ धरणाच्या कडेने व्हिलियर्सडॉर्प आणि वूस्टर, पुढे मिशेल्स घाटातून सेरेस. सेरेसहून आर-४६ ने एन-१ ला लागून डी डूर्न्स, म्हणजे हेक्स खोरं, आणि परतीला ह्यूगनॉट बोगद्यातून पार्ल. डी डूर्न्सहून केप टाऊन जेमतेम १४० किलोमीटर आहे. तरी रोज केप टाऊनला मुक्कामाला परतायचा बेत करू नका. तोडा पहाटे सुरू होतो आणि दहाला पोचलेल्याला फक्त रिकामे क्रेट दिसतात.

ग्राबाऊ-सेरेसची सफरचंदं अर्ध्या दिवसात उरकली तरी चालतील. तिथे पाहायच्या गोष्टी दोन: उन्हाच्या चट्ट्यांपासून फळ वाचवायला बागेवर ओढलेली जाळी, आणि थंडी कमी पडते म्हणून काडीवरचे डोळे (कळ्या) फोडायला वापरलं जाणारं हायड्रोजन सायनामाइड. म्हणजे द्राक्षाच्या छाटणीनंतर आपण काडीवर पेस्टिंग करतो, लेप लावतो, तेच रसायन.

हेक्स खोऱ्याला मात्र तीन दिवस द्या. इथली वेल हिवाळ्यात खरोखर झोपते, पानं गळतात आणि वर्षाला एकच छाटणी होते. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हा प्रकार समोरच्याला आधी समजावून सांगा, नाहीतर दोघं वेगवेगळ्या वेलींबद्दल बोलत राहता. ‘छाटणीनंतर कितव्या दिवशी जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक अ‍ॅसिड)?’ हा आपला ठरलेला प्रश्न तिथे विचारून उपयोग नाही. फुलोरा किती टक्के होता आणि मणी किती मिलिमीटरचा होता, असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेल कलम केली ते वाण, कोणता तेही प्रत्येक प्लॉटवर विचारा. आपल्याकडे डॉगरिज तसा तिथे रॅम्झी बराच दिसतो.

फवारणीचं वेळापत्रक वहीत उतरवून आणू नका. पश्चिम केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, घड वाढतात ते कोरड्या उन्हाळ्यात. भुरी हा बुरशीचा रोग तिथेही त्रास देतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत डाऊनीशी (केवडा रोगाशी) आपली जी झटापट होते, तशी त्यांच्या वाट्याला क्वचित येते. त्यांचं वेळापत्रक निफाडला लावलं तर बाग जाईल.

खरा धडा पॅकहाऊसमध्ये आहे. पॅकिंग टेबलाजवळ निदान तासभर उभे राहा. बाई घड देठाला धरून उचलते, मण्याला बोट लागू देत नाही, कारण मण्यावरची मेणासारखी पांढुरकी लव पुसली की तो मणी डागी दिसतो. निमुळत्या कात्रीने खराब मणी देठासकट काढते, कारण नुसता मणी ओढला तर मागे देठाला गराचा ओला झुपका (ब्रश) राहतो आणि बुरशी तिथूनच शिरते. साडेचार किलोच्या खोक्यात आधी छिद्रांची पिशवी, त्यात पनेट (फळं भरलेले लहान डबे), वर ओल शोषणारा कागद आणि बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड, मग पिशवीची घडी.

चूक होते ती गारव्याच्या वेळेत. माल गरम असताना पिशवी बंद करून ठेवून दिली तर आत पाणी सुटतं. त्या ओलीने पॅडमधला वायू एकदम बाहेर पडतो आणि मणी देठाजवळून पांढरे पडतात. गारव्याला उशीर झाला तर देठ तपकिरी होतात आणि परदेशातला खरेदीदार आधी देठच बघतो. म्हणून तोडल्यापासून प्रीकूलिंगच्या (माल आधी गार करायच्या खोलीच्या) दारापर्यंत किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोजा. मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसून गराचं तापमान बघतात. ते उणे अर्ध्या अंशाजवळ आल्याशिवाय माल कंटेनरमध्ये चढत नाही. रीफर (शीत) कंटेनर फक्त थंडावा टिकवतो, गरम माल थंड करायची त्याची ताकद नसते. ‘कंटेनरमध्ये होईल गार’ म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

निर्यातीच्या मालाची तपासणी पीपीईसीबी ही नाशवंत मालाच्या निर्यातीवर देखरेख ठेवणारी १९२६ पासूनची संस्था करते. तपासनीस पॅकहाऊसमध्ये भेटला तर नाकारलेली खोकी दाखवायला सांगा, पास झालेल्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं. केप टाऊन बंदराचं दुखणं वाऱ्याचं. उन्हाळ्यात आग्नेय वारा सुटला की क्रेन थांबतात आणि कंटेनर तुंबतात, तेही नेमके द्राक्षाच्या हंगामात.

मजुरीचा विषय जपून काढा. २०१२-१३ मध्ये डी डूर्न्सपासून शेतमजुरांचा मोठा संप पेटला होता. त्यानंतर मार्च २०१३ पासून दिवसाची किमान मजुरी ६९ रँडवरून १०५ रँडवर गेली.

तासगावच्या बेदाणेवाल्यांनी दोन-तीन दिवस वाढवून अपिंग्टन-काकामासला जावं. केप टाऊनपासून ते आठशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे विमानाने गेलेलं बरं. वाळवंटात ऑरेंज नदीच्या कालव्यांवर उभ्या असलेल्या बागा आणि काकामासची अजून फिरणारी पाणचक्री बघण्यासारखी आहे. आपण सावलीत जाळीच्या रॅकवर वाळवतो, तिथे बराच माल उघड्या उन्हात पडलेला दिसतो. वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या द्रावणात काय किती घालतात ते विचारा आणि दोन्हीकडचा रंग शेजारी ठेवून बघा.

आता तयारी. व्हिसा आधी काढावा लागतो. त्यासाठी बागांकडून निमंत्रणाची ईमेल मागवून ठेवा, भेटीची वेळ पक्की होते ती वेगळीच. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि ती लस प्रवासाच्या १० दिवस आधी घ्यायची असते. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, पण अंधारात गाडी चालवू नका आणि सामान काचेतून दिसेल असं ठेवू नका. पिकअपला तिथे ‘बाकी’ म्हणतात, ‘बाकीत बसा’ ऐकून गोंधळू नका. लहान गावांत शाकाहारी जेवण म्हणजे चिप्स आणि सॅलड, तेव्हा मोठ्या गावातल्या सुपरमार्केटमधून खरेदी करून पुढे निघा.

बागेत शिरण्याआधी बूट धुवा आणि कालच्या बागेतले कपडे आज घालू नका. मिलीबग (पिठ्या ढेकूण) असाच एका बागेतून दुसरीत जातो. नवीन वाणांच्या प्लॉटमध्ये परवानगीशिवाय फोटो काढू नका. काडी तर खिशात घालूच नका: वाणावर हक्क दुसऱ्याचा असतो आणि आयात परवान्याशिवाय ती भारतात आणता येत नाही. प्लगची काळजी नको. तिथला जाड तीन पिनांचा सॉकेट आपल्या गीझरच्या सॉकेटसारखाच असतो. मोबाइलच्या चार्जरला एक अडॅप्टर मात्र इथूनच न्या.